निळ्या झालरीची रिक्षा

अपघातातून उठलेल्या माणसाने काही लिहायचं तर आधी देवाचे, मग डॉक्टरांचे आणि शेवटी आईवडिलांच्या पुण्याईचे आभार मानायचे, अशी पद्धत दिसते. आम्ही बौद्ध, त्यामुळे देवाचा प्रश्न आमच्या घरात आजोबांच्या वेळीच निकालात निघाला. डॉक्टरांचे आभार मी मानले, पण सगळ्या रिपोर्टांच्या प्रती हातात पडल्यावर. आणि पुण्याई एवढी असती तर मी पडलेच नसते.

मी हे लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. हॉस्पिटलच्या खाटेवर उताणी पडलेली असताना मी एका निर्दोष माणसाला गुन्ह्यात अडकवलं. शुद्धीत असताना, सही करून. ते कसं झालं हे मला सांगायचंय, कारण आत्ता या क्षणी पुण्यात कुठल्या ना कुठल्या वॉर्डात माझ्यासारखं कोणीतरी पडलेलं असणार, आणि त्याच्याही उशाशी कागद घेऊन लोक येत असणार.

मी कोण

शोभा ओव्हाळ, वय एक्कावन्न. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात बावीस वर्षं. लोकांना वाटतं आम्ही तिथे बॉम्ब बनवतो. मी काही बनवत नाही, दुसऱ्याने बनवलेल्यात खोट काढते. दिवसभर धातूचे सुटे भाग समोर येतात, त्यांच्यावर चरा, पोचा, गंज, बारीक तडा असलं काही दिसतं का ते बघायचं. शंका आली की बाजूला. शंका खोटी निघाली तर तो भाग पुन्हा तपासून परत येतो, कोणाचं काही बिघडत नाही. शंका न घेता सोडला तर मात्र कुठेतरी कोणाचा तरी हात उडतो.

आमच्याकडे अजून एक नियम आहे. तपासणीच्या कागदावरचा एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. माझ्या पहिल्या साहेबांनी मला तो दम देऊन शिकवला होता, कारण रिकाम्या रकान्यात मागून कोणीही काहीही भरतं. बावीस वर्षांत माझा एकही कागद रकाना रिकामा म्हणून परत आलेला नाही. याचा मला फार माज होता.

त्या सकाळचं

सकाळी साडेदहाला मी स्कूटरवरून कर्वेनगरला बहिणीकडे चालले होते. हेल्मेट होतं. हो, पुण्यात असूनही होतं. बहिणीच्या सोसायटीच्या अलीकडच्या वळणावर मी हात दाखवला, इथपर्यंत मला आठवतं. त्यानंतर एकदम कोणीतरी माझ्या तोंडावर दिवा मारतंय आणि "नाव सांगा, नाव" म्हणून ओरडतंय.

मधली वीस-पंचवीस मिनिटं नाहीत. विसरले असं म्हणावंसं वाटत नाही, विसरलेलं निदान चाचपडता येतं. इथे नुसतं पांढरं होतं.

पायाचा निकाल

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. पोरगेलेसे, चुरगळलेला शर्ट, डोळे तांबारलेले. या माणसाची झोप झालेली नाही आणि हा माझं हाड जोडणार, हा माझा पहिला विचार.

"मांडीचं हाड दोन ठिकाणी, नडगीचं एका ठिकाणी. नडगीची जखम उघडी आहे, त्यामुळे आधी ती साफ करू, मग सळई. पाय वाचेल."

"वाचेल म्हणजे? तोडायची गोष्ट होती का?"

"काल होती," ते म्हणाले.

माझा नवरा प्रकाश भिंतीला टेकून उभा होता, तो खालीच बसला. मला रडू आलं नाही, राग आला. काल माझ्या पायाचा एवढा मोठा निर्णय चालू होता आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही!

गुडघा किती वाकेल ते सांगता येत नाही म्हणाले. चालाल, पण उकिडवं बसणं विसरा, जास्त वेळ उभं राहणं विसरा. माझं सगळं काम उभ्याने. आणि जाता जाता म्हणाले, "डोक्याला मार आहे. मधलं आठवणार नाही, कदाचित कधीच नाही. जोर लावून आठवू नका. डोकं फार हुशार असतं, मोकळी जागा आपल्या मनाने भरून टाकतं."

मी प्रकाशला म्हटलं, "बघा, आत्तापासून तयारी चालू आहे. उद्या आपण काही तक्रार केली तर म्हणतील, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय."

वॉर्डातले दिवस

पहाटे पाचला ताप बघायचा. सहाला अंग पुसायचं, दोघीजणी येऊन कुशीवर वळवायच्या, आणि पाय हलला की मी अशा शिव्या घालायचे ज्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. आठला चहा, त्यात साखर जास्त. नऊला डॉक्टरांची फेरी, ती अकराला. आणि दिवसभर छत. माझ्या वरच्या छतावर ओल होती, तिचा आकार मी तपासून ठेवला होता. वाढत होती.

प्रत्येक सलाइनच्या बाटलीवरची मुदत मी वाचून घ्यायचे. गोळी हातात आली की नाव विचारायचे, मग केसपेपर मागायचे. सिस्टर वैतागायच्या. बेडपॅन देणाऱ्या मावशींनी माझं नाव "साहेब" पाडलं. "साहेबांचं झालं का? तपासून घ्या, बरोबर झालंय ना!" सगळा वॉर्ड हसायचा. त्याच मावशींनी चौथ्या दिवशी, कोणी न सांगता, माझ्या केसांतलं वाळलेलं रक्त कोमट पाण्याने बोटाबोटाने सोडवलं. तेव्हा मात्र मी काहीएक विचारलं नाही. डोळे मिटून पडून राहिले आणि पोटभर रडले.

शहाळं

मला हॉस्पिटलात आणलं ते एका रिक्षावाल्याने. किसन मांडेकर, मुळशीकडचा, पन्नाशीचा माणूस. हॉस्पिटलच्या नोंदीत "आणणाऱ्याचं नाव" म्हणून त्याने स्वतःच नाव आणि रिक्षाचा नंबर लिहून दिला होता. प्रकाश पोचेपर्यंत तो बसून राहिला. पर्स दिली, हेल्मेट दिलं, एक चप्पल दिली. पर्समधलं सगळं जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी तो शहाळं घेऊन आला. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, बरं हाय का आता?"

एवढंच. शहाळं टेबलावर ठेवून गेला.

आता आमच्या घरातला विचार बघा. त्या वेळी माझा धाकटा दीर सुरेश तिथे होता. सुरेश भाऊजींना जगातलं सगळं कळतं, विशेषतः जे कोणी विचारलेलं नाही ते. ते म्हणाले, "वहिनी, या शहरात रिक्षावाला मीटरप्रमाणे येतो का? मग हा फुकट का आला? तीन तास धंदा सोडून का बसला? आणि आज परत? अहो, चोराच्या मनात चांदणं!"

"उगाच काहीतरी," प्रकाश म्हणाला. पण तोही शहाळ्याकडे बघत होता.

"त्यानेच उडवलंय. केस होऊ नये म्हणून गोड बोलतोय. मी खाली जाऊन त्याच्या रिक्षाचा फोटो काढून आणलाय. डावीकडून पोचा आहे, बघा."

त्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मी बघितलं. पोचा होता. मी म्हटलं, "हाच."

शहाळं मी पिऊ दिलं नाही कोणाला. मावशींना सांगून टाकून दिलं.

जबाब

त्याच दिवशी संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. बिचारे चांगले होते, खुर्ची ओढून बसले, म्हणाले, "मॅडम, त्रास होत असेल तर उद्या येतो. आठवेल तेवढंच सांगा."

मी म्हटलं, "लिहा."

आणि मी सांगितलं. वेग, अंतर, दिशा. मी हात दाखवला होता. मागून रिक्षा भरधाव आली. माझ्या स्कूटरला उजव्या बाजूला तिच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याची धडक बसली. रिक्षाला निळी झालर होती, मणी लावलेली, मधले दोन मणी तुटलेले. हवालदार लिहिता लिहिता थांबले. "मॅडम, इतका व्यवस्थित जबाब मी अजून घेतलेला नाही."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! दोन दिवस मी नुसती उचलायची-ठेवायची वस्तू झाले होते. पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या कामाची पावती दिली. हवालदारांनी जबाब वाचून दाखवू का विचारलं. मी म्हटलं, "मीच सांगितलाय, वाचायचा काय?" आणि सही केली. कारखान्यात पेनाच्या रिफिलची मागणीसुद्धा मी दोनदा वाचते.

दोन दिवसांनी सुरेश भाऊजी आनंदाने सांगत आले की गुन्हा दाखल झाला, रिक्षा चौकीच्या आवारात लावली आणि त्या माणसाचा बॅज जाणार. बॅज गेला म्हणजे रिक्षाच गेली. मी म्हटलं, बरं झालं.

फुकट मदत

त्यानंतर एक गृहस्थ आले, पांढरा शर्ट, चकचकीत बूट. कोऱ्या कागदावर सही मागत होते, "दाव्याचं सगळं आम्ही बघतो, ताई." कोणाकडून आलात विचारलं तर नुसते हसले. त्यांना मी घालवलं, आणि ते मी बरोबरच केलं, हेही सांगून ठेवते. हॉस्पिटलात असे येतात. कोऱ्या कागदावर सही करू नका.

त्याच दुपारी एक बाई आल्या. पस्तिशीच्या, डोक्यावर ओढणी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात सरकारी ओळखपत्र. "नमस्कार ओव्हाळताई. मी तबस्सुम शेख. अपघातात सापडलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करायला सरकारच्या विधी सेवा कार्यालयाने मला नेमलंय. पोलिसांकडून आपलं नाव आलं. बसू का?"

"नको. फी किती?"

"काही नाही. मोफत आहे."

पुण्यात "मोफत" म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो. मी म्हटलं, "सकाळचा तुमचाच का हो माणूस? त्याचं जमलं नाही म्हणून बाई पाठवली?"

त्या चिडल्या नाहीत. ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. मी फोटो आणि चेहरा ताडून बघितला, शिक्का बोटाने घासून बघितला. मग म्हटलं, "असले शिक्के अप्पा बळवंत चौकात पाहिजे तेवढे मिळतात. निघा."

"बरं," त्या म्हणाल्या. "कार्यालयाचा नंबर सरकारी फलकावर खाली लावलाय, तिथे खात्री करून घ्या. मी मंगळवारी येते." माझी मुलगी प्रज्ञा हिंजवडीला कंपनीत आहे, ती लॅपटॉप घेऊन माझ्या पायाशी बसली होती. तिने तिथल्या तिथे फोन लावला. "आई, जेन्युइन आहे. प्लीज आता सीन नको करूस."

मी म्हटलं, जेन्युइन असेल तर सरकारला माझा एवढा पुळका कशाला?

झालर

मंगळवारी त्या आल्या. या वेळी पिशवीतून माझ्या जबाबाची प्रत काढली. "ताई, मी हे मोठ्याने वाचते. आपण फक्त ऐका."

माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना विचित्र वाटतं. फार सुबक होतं सगळं. त्या झालरीपाशी थांबल्या.

"रिक्षा मागून आली?"

"मागून."

"आपण वळणाकडे बघत होता. हेल्मेट होतं. मग मागच्या रिक्षाच्या झालरीतले तुटलेले मणी कसे दिसले?"

मी प्रत त्यांच्या हातातून ओढून ती ओळ स्वतः वाचली.

"झालर रिक्षाच्या आत, ड्रायव्हरच्या डोक्यावर आहे. मी चौकीत जाऊन बघून आले. मणी दोनच तुटलेत, आपण म्हणालात तसंच. पण ते बाहेरून दिसत नाहीत. मागच्या सीटवर आडवं पडून वर बघितलं तरच दिसतात."

माझं डोकं सणकलं. "तुम्ही कोणाच्या बाजूच्या हो? त्याने पाठवलं का तुम्हाला? मला मदत करायला आलात की माझी उलटतपासणी घ्यायला?"

"आपल्याच बाजूची आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा प्रश्न आज मी विचारला. मी नाही विचारला तर उद्या न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील विचारेल, आणि तेव्हा बाजूला मी नसेन. तो रिक्षावाला म्हणतो पाण्याचा टँकर होता, थांबला नाही. खरं काय ते मला माहीत नाही. आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यातलं पुसलं गेलंय. आता फक्त आपला शब्द आहे."

"चालत्या व्हा," मी म्हटलं. सगळा वॉर्ड ऐकत होता.

त्या गेल्या. मी छताकडे बघत पडले आणि मणी काही डोळ्यांपुढून जाईनात. निळे, एकात एक अडकलेले, डुगडुगणारे. मी ते खालून बघत होते. आणि कोणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं, मान मागे वळवून वळवून, "ताई, डोळं मिटू नगा. ताई, बोलत ऱ्हावा. पोरांची नावं सांगा. आलंच हास्पिटल, डोळं मिटू नगा."

फोटो

दुसऱ्या दिवशी सुरेश भाऊजी आले तेव्हा मी म्हटलं, "तो फोटो दाखवा परत."

"आता कशाला? केस झालीय की."

"दाखवा म्हटलं ना!"

मी चष्मा लावला आणि फोटो मोठा केला. पोच्याच्या कडेने रंग उडालेला होता आणि आत तांबूस गंज चढलेला होता. नुसता गंज नव्हे, त्यावर धूळ बसून चिकटलेली. एका दिवसाच्या पोच्याला असा गंज चढत नाही. सहा महिने तरी जुना पोचा होता. कारखान्यात नवशिकी पोरगीसुद्धा हे एका नजरेत सांगेल. मी बावीस वर्षं लोखंडावरचा गंज बघतेय, आणि हाच फोटो बघून मी "हाच" म्हटलं होतं.

मी मोबाइल भाऊजींच्या हातात परत दिला. पायाच्या दुखण्याला इंजेक्शन असतं. याला काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं होतं. एक रकाना रिकामा होता. मी तो भरला. घरच्यांच्या संशयाने भरला आणि वर रिक्षाच्या आतली झालर लावली, म्हणजे खरं वाटावं.

घरातलं

तबस्सुम मॅडमना मीच फोन केला. त्या आल्या, या वेळी मी खुर्ची पुढे करायला सांगितली. त्यांनी आधी मला माझंच नुकसान सांगितलं. जबाब बदलला की दोषी वाहन अज्ञात होणार, रिक्षाच्या विम्यावरचा दावा संपणार. मग पळून गेलेल्या वाहनासाठी सरकारची जी ठरावीक मदत असते तेवढीच, आणि ती थोडी. "आधी असं का सांगितलंत म्हणून आपल्याला प्रश्नही विचारतील. हे सगळं सांगणं माझं काम. ठरवायचं आपण. हवालदारांना मी इथे वॉर्डातच बोलावू शकते, उद्याच."

उद्याच. हे नीट वाचा, कारण मी उद्या बोलावलं नाही.

प्रकाश ऐकून लाल झाला. एरवी माझ्यापुढे आवाज न चढवणारा माणूस. "तुझा पाय गेला शोभा! नोकरीचं काय होणार माहीत नाही. आणि तू त्याची वकिली करणार? कदाचित त्यानेच मारलं असेल. तुला तरी कुठे आठवतंय?"

"नाही आठवत. तेच तर!"

"मग राहू दे ना. कोर्ट बघेल."

सुरेश भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती बाई त्याच्याकडून खात असणार." प्रज्ञा त्यांच्यावर ओरडली, "काका, सीरियसली? तुम्हीच हे सगळं सुरू केलंत!" ते उठून गेले ते पुढे महिनाभर आले नाहीत. प्रकाश डबा ठेवून न बोलता जायचा. आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात तो कधी न बोलता गेला नव्हता.

आणि मी गप्प बसले. अकरा दिवस. दुसरं ऑपरेशन झालं, ताप आला, टाके ओले राहिले, अशी कारणं माझ्याकडे रोज ताजी होती. खरं कारण एकच. मला भीती वाटत होती. लंगडी होऊन घरात बसण्याची, आणि शोभा ओव्हाळचा कागद चुकला हे स्वतःच्या तोंडाने सांगण्याची. दुसरी भीती जास्त मोठी होती, हे लिहायला आजही जड जातं.

तबस्सुम मॅडम त्या अकरा दिवसांत दोनदा आल्या. एकदाही "काय ठरलं" विचारलं नाही. अपंगत्वाच्या दाखल्याचे कागद भरून घेतले, कारखान्यात बसून करायच्या कामासाठी अर्ज लिहून दिला. मला त्याचाही संशय आला, की या गोड वागून मला वळवतायत. म्हटलं, "तुम्ही मला रागवत का नाही हो?"

"ताई, मला अजून तीन वॉर्ड करायचेत," त्या म्हणाल्या.

बाराव्या दिवशी प्रकाश डबा घेऊन आला तेव्हा मी त्याचा हात धरला. "अहो, मला त्याचा आवाज आठवतोय. तो मला मुलांची नावं विचारत होता, आणि मी प्रज्ञाचं नाव सांगत होते. मारणारा माणूस असं विचारेल का, मला माहीत नाही. पण त्याने मला मारलेलं मी पाहिलं नाही. न पाहिलेल्यावर मी सही केलीय."

तो बराच वेळ डब्याचं झाकण उघडबंद करत बसला. मग म्हणाला, "चौकीत मी येतो बरोबर. त्यांना इथे नको बोलवायला. आपणच जाऊ."

चौकी

डिस्चार्ज मिळाला त्या सकाळी घरी न जाता आम्ही थेट चौकीत गेलो. वॉकर घेऊन चार पायऱ्या चढायला मला दहा मिनिटं लागली. तेच हवालदार. मी पुरवणी जबाब दिला. धडक कोणत्या वाहनाने दिली, आठवत नाही. मागून की बाजूने, आठवत नाही. झालर मी रिक्षाच्या आतून पाहिली, हॉस्पिटलात जाताना. हवालदारांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, मग परत उचललं. तबस्सुम मॅडमनी सगळं दोनदा वाचून दाखवलं. मग मी सही केली.

किसन मांडेकरांना बोलावलं होतं. आवारात त्यांची रिक्षा उभी होती, महिन्याभराची पानं आणि धूळ टपावर साचलेली. कोर्टाचा कागद आल्याशिवाय ती सुटणार नव्हती. ते खाली दगडी कट्ट्यावर बसले होते. मी पायऱ्या उतरेपर्यंत ते उठून हात द्यायला आले नाहीत, बसल्या जागेवरून बघत राहिले.

मी समोर जाऊन म्हटलं, "दादा, माझं चुकलं. फार मोठं चुकलं."

"झालं ते झालं," ते म्हणाले. आवाज तोच. डोळं मिटू नगा म्हणणारा.

"तुम्ही होतात म्हणून माझा पाय राहिला."

 ते रिक्षाकडे बघत म्हणाले, "सध्या दुसऱ्याची चालवतोय, शिफ्टनं. मागल्या आठवड्यात राजाराम पुलापाशी एक बाई पडली व्हती. तुमच्यावानीच, स्कूटरवरनं. रिक्षा रिकामीच व्हती माझी. हात बिरेकवर ग्येला, ताई. आपसूक ग्येला."

"मग?"

"मंग काय. न्हाय थांबलो."

"त्या बाईचं काय झालं?"

"मला काय म्हाईत? थांबलोच न्हाय म्हटलं ना." ते उठले, पँट झटकली आणि फाटकाबाहेर गेले.

प्रकाशने मला धरलं होतं. तबस्सुम मॅडम फाईल छातीशी धरून उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, त्या बाईचं नाव तुमच्याकडे आलंय का, कुठल्या वॉर्डात आहे का. त्या म्हणाल्या, नाही आलं, पण शोधते. अजून सापडलेलं नाही. मी दर मंगळवारी फोन करते.

माझा गुडघा आता बराच वाकतो. कारखान्यात मला बसून करायचं काम दिलंय. रकाने अजूनही मीच भरते, आणि प्रत्येक रकान्यापाशी हात अडखळतो. तुमच्या उशाशी कोणी जबाब घ्यायला आलं तर जेवढं पाहिलंत तेवढंच सांगा. बाकीच्याला "आठवत नाही" म्हणा. लाज वाटून घेऊ नका. मी हे दोन शब्द त्या संध्याकाळी म्हटले असते, तर राजाराम पुलापाशी एक रिकामी रिक्षा थांबली असती.